गावचा पडदा : जुना न होणारा सिनेमा



येळवस झाली. आंबिल-भज्जी खाऊन, चार घास शेतात शिंपून माणसं घरी आली. माळेगावच्या खंडोबाची यात्राही उलगली. हरभरा घाट्यावर आला आहे, तूर खळ्यावर पडली आहे आणि ज्वारीला पाखरांची राखण सुरू आहे. अशा दिवसांत जेवणं लवकर आटोपतात आणि रात्री घटकाभर सवड मिळते. मग कुणाच्या घरी टीव्ही लागतो, कुणाच्या हातात मोबाइल येतो. त्या घटकाभरात काय बघितलं जातं, यावरच या खेपेला बोलायचं आहे.

निमित्त झालं एका पत्राचं. मुखेड तालुक्यातल्या एका सूनबाईंनी ते लिहिलं आहे. नाव छापू नका, अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळतो. त्या लिहितात की, त्यांच्या सासूबाईंना ‘माहेरची साडी’ हा एकच सिनेमा लागतो. नातू मोबाइलवर लावून देतो, सासूबाई पदर डोळ्याला लावून शेवटपर्यंत बघतात. आणि सिनेमा संपल्यावर त्याच सासूबाई सुनेला म्हणतात, “पंचमीला माहेरी कशाला जायचं, निंदणी कोण करील?” गेल्या श्रावणात हे झालं. आता संक्रांत तोंडावर आहे. सूनबाई विचारतात, “पडद्यावरच्या सुनेसाठी रडणाऱ्या बाईला घरातली सून दिसत कशी नाही?”

पत्रात दुसराही एक प्रश्न आहे, तो साधा आहे. त्यांचा भाऊ चेन्नईला कंपनीत कामाला आहे. तो सांगतो की, तिकडं पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा रजनीकांतचा सिनेमा पुन्हा थिएटरात लागला तरी माणसं गर्दी करतात, शिट्ट्या मारतात, पडद्यावरच्या माणसाच्या आधीच त्याचं वाक्य म्हणून मोकळी होतात. दर शुक्रवारी नवे सिनेमे येत असताना माणसं जुन्याच्या मागं का लागतात?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, असं मला वाटतं. दुसऱ्यापासून सुरुवात करू, म्हणजे पहिल्याचं उत्तर सापडेल.

आधी तामिळ मुलखाचीच गोष्ट घ्या. तिकडं शिवाजी गणेशन नावाचे फार मोठे नट होऊन गेले. तामिळ माणसाचं नाव शिवाजी कसं, असं तुम्हाला वाटेल. त्यांचं मूळ नाव गणेशन. सी. एन. अण्णादुराई यांनी लिहिलेल्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. ती बघून पेरियार रामस्वामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटलं आणि तेच नाव जन्मभर राहिलं. या शिवाजी गणेशन यांचा पहिला सिनेमा १९५२ साली आला. नाव ‘पराशक्ती’. संवाद लिहिले होते एम. करुणानिधी यांनी, जे पुढे तामिळनाडूचे मुख्यमंत्री झाले.

त्या सिनेमात कल्याणी नावाची एक विधवा आहे. भाऊ दूरदेशी ब्रह्मदेशात, नवरा गेलेला, बाप गेलेला, कडेवर तान्हं लेकरू. उपाशीपोटी ती दारोदार फिरते आणि जिथं आसरा मागते तिथं माणसं तिच्याकडं वाईट नजरेनंच बघतात. शेवटी ती लेकराला नदीत टाकते, आणि तिच्यावर खटला भरला जातो. मग तिचा भाऊ कोर्टात उभा राहतो आणि विचारतो की, गुन्हेगार एकटी हीच का? तिला भाकरी न देणारे, तिला लुबाडणारे, ते कुणीच नाहीत? ते कोर्टातलं भाषण लोकांनी इतकं उचललं की, त्या संवादांची पुस्तकं निघाली, तबकड्या निघाल्या. पोरं ते तोंडपाठ म्हणून दाखवू लागली. आज सत्तर वर्षं उलटून गेली तरी तामिळ माणूस ते भाषण विसरलेला नाही.

आता रजनीकांत. हा तर आपल्याच भाषेतला माणूस. नाव शिवाजीराव गायकवाड, जन्म १९५० सालचा, बंगळूरच्या मराठी घरातला. बसमध्ये कंडक्टर होता. १९७५ साली के. बालचंदर यांनी त्याला तामिळ पडद्यावर आणलं. त्याचा ‘बाशा’ १९९५ साली आला. त्यात तो रिक्षा चालवतो. घरच्यांच्या सुखासाठी अपमान गिळतो, मार खातो, हात उगारत नाही. पुढं कळतं की, मुंबईत त्याचा दरारा होता. तो कधी एकदा उलटा हात उचलतो, याची वाट बघत अख्खं थिएटर श्वास रोखून बसतं. आणि तो उठला की जो गलका होतो, तो त्या एका रिक्षावाल्यासाठी नसतो. मुकादमाचं, मालकाचं, सावकाराचं बोलणं गिळून आलेली हजार माणसं तिथं बसलेली असतात. तो गलका त्यांचा स्वतःचा असतो.

हे आपल्यालाही काही नवं नाही. मी पोरवयाचा असताना जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघितला. तालुक्याच्या गावी पक्कं थिएटर असायचं, पण आमच्यासारख्यांना तंबूच जवळचा. दिवसभर भोंग्यावरून पुकारा व्हायचा. सांज झाली की आधी देवाचं गाणं लागायचं, मग तिकीट. मातीत बसायचं, एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला गडी, मधे कनात. यंत्र एकच, त्यामुळं एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत अंधार. त्या अंधारात लेकरं रडायची, शेंगा फुटायच्या, आणि माणसं आत्ताच बघितलेल्यावर बोलायची. मला आठवतं, सिनेमापेक्षा ती कुजबुज मला जास्त समजायची.

तिथं मी ‘सांगत्ये ऐका’ बघितला. अनंत माने यांचा हा सिनेमा १९५९ सालचा. हंसा वाडकर, जयश्री गडकर, चंद्रकांत, सूर्यकांत अशी बडी माणसं त्यात होती. पुण्याच्या विजयानंद थिएटरात तो १३१ आठवडे चालला. म्हणजे अडीच वर्षं एकाच पडद्यावर एकच सिनेमा! लोक म्हणतात, लावण्यांमुळं चालला. लावण्या झकास होत्याच. पण एखादी लावणी ऐकायला माणूस दोनदा येईल, चारदा येईल. अडीच वर्षं गर्दी टिकते ती निव्वळ लावणीवर नाही.

गोष्ट काय होती? गावचा पाटील एका घराचं वाटोळं करतो. गाव बघतं आणि गप्प बसतं. त्या घरातली लेक तमाशाच्या फडात वाढते. आणि मोठी झाल्यावर त्याच गावासमोर, फडावर उभी राहून, ती सगळी कहाणी सांगते. नावच बघा ना, ‘सांगत्ये ऐका’. तंबूतल्या अंधारात त्या वेळी एकही शेंग फुटली नव्हती, एवढं मला पक्कं आठवतं. प्रत्येक गावाला असा एखादा वाडा ठाऊक असतो आणि त्या वाड्याची एखादी न बोललेली गोष्ट ठाऊक असते. ती कुणीतरी चारचौघांत मोठ्यानं बोललं, एवढंच लोकांना पुरलं.

कोर्टात उभा राहिलेला तामिळ भाऊ आणि फडावर उभी राहिलेली मराठी लेक. भाषा वेगळी, मुलूख वेगळा, काम एकच. आतल्या आत कोंडलेलं होतं, ते सगळ्यांसमोर बोललं गेलं.

पण नुसतं बोललं गेलं म्हणून सिनेमा पन्नास वर्षं टिकतो का? तसं असतं तर एकदा ऐकून माणूस मोकळा झाला असता. इथं मला बांधाचा दावा आठवतो. भावकीत बांधावरून दावा लागला की, त्याचा कागद घरात कधी जुना होत नाही. बापानं जपलेला, पोरानं जपलेला, दर तारखेला फडक्यातून निघतो. निकाल लागला की मात्र तोच कागद माळ्यावर जातो आणि उंदरांच्या कामी येतो. सिनेमाचंही तसंच आहे. ज्या दाव्याचा निकाल अजून लागलेला नाही, त्याचा सिनेमा माणसं परत परत फडक्यातून काढतात.

‘सामना’ची गोष्ट हेच सांगते. हा सिनेमा काढला रामदास फुटाणे यांनी. जामखेडसारख्या, आपल्या बीडला लागून असलेल्या गावातले ते चित्रकलेचे मास्तर. लिहिला विजय तेंडुलकरांनी, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं. पहिल्या खेपेला तो फारसा चालला नाही. मग १९७५ साली जर्मनीत बर्लिनच्या मोठ्या महोत्सवात त्याची निवड झाली, सिनेमा पुन्हा लावला गेला आणि तेव्हा लोक आले. त्या वर्षीचा उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला.

त्यात हिंदुराव धोंडे पाटील आहे. निळू फुल्यांनी तो असा केला की, अजूनही कुणी तसा वागला की लोक ‘निळू फुले’ म्हणतात. खरं तर हा माणूस स्वभावानं किती सज्जन होता, हे त्यांना ओळखणारे सगळे सांगतात. तर हा हिंदुराव म्हणजे साखर कारखाना त्याचा, गाव त्याचं, माणसं त्याची. त्या गावात एक दारुडा मास्तर येतो. डॉ. श्रीराम लागू. एकेकाळी स्वातंत्र्याच्या चळवळीत असलेला, आता मोडून पडलेला माणूस. हिंदुराव त्याला ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो. आणि हा मास्तर एकच गोष्ट धरून बसतो. गावातल्या मारुती कांबळेचं काय झालं? पाटलाला विचारतो, गावाला विचारतो, पुन्हा पुन्हा विचारतो. हातात काठी नाही, मागं माणसं नाहीत, फक्त एक प्रश्न. आणि त्या एका प्रश्नानं एवढा मोठा हिंदुराव आतून पोखरत जातो.

सिनेमा येऊन पन्नास वर्षं झाली. आपल्याकडं मांजराकाठी, गोदाकाठी ऊस वाढला, कारखाने वाढले, पुढाऱ्यांच्या पिढ्या बदलल्या. पण आजही एखाद्या गावात कुणी गरीब माणूस अचानक दिसेनासा झाला, एखाद्या प्रकरणाची फाइल दाबली गेली की, लिहिणारे लिहितात आणि बोलणारे बोलतात, मारुती कांबळेचं काय झालं? ज्यांनी सिनेमा बघितलेला नाही, तेही बोलतात. तो प्रश्न आता सिनेमाचा राहिला नाही, म्हणीसारखा झाला. दावा चालू आहे, म्हणून कागद जुना होत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं रडण्याचं आणि भांडणाचं झालं. मग हसवणारे सिनेमे का टिकतात? तर त्यांचंही गणित फार निराळं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. सचिन यांचा, १९८८ सालचा. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सचिन, सिद्धार्थ रे. गावोगावच्या पोरांना त्याची वाक्यं पाठ आहेत. जेवताना म्हणतात, लग्नाच्या वरातीत म्हणतात. मूळ गोष्ट एका जुन्या हिंदी सिनेमावरून घेतलेली, पण ते कुणाला आठवतही नाही. लोक हसतात लक्ष्यावर, ते बरोबर आहे. पण चार पोरांतल्या दोघांवर बाईचं सोंग घेण्याची पाळी का येते? शहरात भाड्यानं खोली मिळत नाही म्हणून. मालकिणीला जोडपी पाहिजेत, सडे नकोत.

आता मला सांगा, आपल्या गावातून लातूरला शिकवणीला गेलेलं पोरगं, पुण्याला परीक्षेच्या अभ्यासाला गेलेली पोरगी, यांचं पहिलं दुखणं कोणतं? खोलीचं. एका खोलीत चौघं, डबा दोघांत, भाडं दर जूनला वाढलेलं, आणि इकडं बापानं सोयाबीन विकून पाठवलेले पैसे महिन्याआधीच संपलेले. अशा खोलीत रात्री अकरा वाजता पोरं बनवाबनवी लावतात आणि पोट धरून हसतात. ते हसणं दुखण्यावरचं आहे. ज्या दिवशी खोलीचा प्रश्न मिटेल, त्या दिवशी त्यातला निम्मा विनोद पोरांना समजणारही नाही.

आता येतो पहिल्या प्रश्नाकडं. सूनबाई, तुमच्या सासूबाईंकडं.

‘माहेरची साडी’ १९९१ साली आला. विजय कोंडके यांचा. अलका कुबल लक्ष्मी झाल्या, विक्रम गोखले तिचे वडील आणि उषा नाडकर्णी सासू. मुळात ही गोष्ट राजस्थानी सिनेमातली. म्हणजे राजस्थानातल्या वाळूत जे दुखणं होतं, तेच आपल्या काळ्या मातीत निघालं. तेव्हा बाया गाड्या जुंपून, ट्रॅक्टरात बसून तो बघायला गेल्या. शहाण्या माणसांनी त्याला नावं ठेवली, रडका सिनेमा म्हटलं. मीही तेव्हा हसलो होतो. आज मला तसं हसावंसं वाटत नाही.

इतर सिनेमांत कुणीतरी बोलतं. तामिळ भाऊ कोर्टात बोलतो, तमाशातली लेक फडावर बोलते, मास्तर हिंदुरावाच्या तोंडावर बोलतो. ‘माहेरची साडी’तली लक्ष्मी मात्र बोलत नाही. बापानं अपशकुनी म्हटलं, तिनं ऐकलं. सासूनं छळलं, तिनं सोसलं. सोसता सोसता शेवटी जाते. मग बायांना त्यात काय मिळालं? मला वाटतं, रडायला जागा मिळाली. नांदत्या घरात सुनेनं रडायचं कुठं? चुलीपुढं रडली तर धुराचं नाव सांगायचं, विहिरीवर रडली तर गावात बोभाटा. थिएटरच्या अंधारात शेजारची अनोळखी बाईही रडत होती, तिथं कुणी कुणाला विचारत नव्हतं.

तुमच्या सासूबाई तेव्हा सून होत्या. हे ध्यानात घ्या. तुम्ही लिहिता की, त्या पडद्यावरच्या सुनेसाठी रडतात. माझा अंदाज असा की, त्या स्वतःसाठी रडतात. त्यांनाही कधी पंचमीला माहेरी जाऊ दिलं नसेल. भाऊ मुराळी म्हणून दाराशी येऊन, पाणी पिऊन, एकटाच परत गेला असेल. त्याबद्दल त्यांना कुणी विचारलं नाही, त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या दाव्याची तारीख लागलीच नाही. म्हणून त्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा तोच कागद उघडतात.

पण म्हणून त्यांचं बरोबर, असं मी म्हणणार नाही. आपण सोसलं म्हणून पुढचीनंही सोसावं, हा न्याय नव्हे. सासूबाई, हे पत्र तुमच्या घरात वाचलं जाणार हे मला ठाऊक आहे, म्हणून हात जोडून तुमच्याशीही बोलतो. सिनेमातल्या सासूचा तुम्हाला राग येतो ना? येऊ द्या. फक्त पदर डोळ्याला लावताना एकदा शेजारी कोण बसलंय ते बघा. निंदणीला चार दिवस उशीर झाला तर तण वाढेल, तेवढं खरं. पण तण पुढच्या आठवड्यात काढता येतं. लेकीची वाट बघत दारात बसलेली म्हातारी माय दर साल भेटेलच, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

आणि सूनबाई, तुम्हाला एक उपाय सुचवतो. पुढच्या खेपेला तो सिनेमा लागला की, स्वयंपाकघरात जाऊ नका. सासूबाईंच्या शेजारी बसा. सिनेमा संपला की भांडू नका, माहेरचा विषयही काढू नका. फक्त विचारा, “आत्याबाई, तुमच्या वेळेला कसं होतं? तुमचा मुराळी कोण यायचा?” मग गप्प बसा आणि ऐका. मास्तरनं एका प्रश्नावर हिंदुराव हलवला. तुम्हाला कुणाला पाडायचं नाही, फक्त एक कोंडलेलं दार उघडायचं आहे. एका बैठकीत उघडेल असं नाही. पण ज्या बाईला आपलं दुखणं बोलायला मिळालं, तिला दुसरीचं दुखणं लवकर दिसतं, हा माझा घराघरांतला अनुभव आहे. तुमचे मालक हे वाचत असतील तर त्यांनाही सांगतो. माय आणि बायको यांच्या मधे मोबाइल ठेवून खळ्यावर निघून जाऊ नका. संक्रांतीला बायकोला माहेरी घालायचं, हे एक वाक्य तुम्ही मायपुढं आपल्या तोंडानं बोला.

तंबू आता राहिले नाहीत. रिळं गेली, यंत्रं गंजली, जत्रेत पाळणे उरले. एका मोबाइलवर एकेकटा माणूस बघतो, त्यामुळं रीळ बदलतानाची ती कुजबुजही गेली. सिनेमापेक्षा त्या कुजबुजीची मला जास्त हळहळ वाटते. बघितलेल्यावर बोलणं झालं, तर सिनेमाचा घराला काही उपयोग. नाहीतर रडून डोळे कोरडे झाले की सगळं होतं तिथंच राहतं.

चांगला सिनेमा शंभर वर्षं टिकावा, असं आम्हा सिनेमावेड्यांना वाटतं. ‘सामना’ टिकावा, ‘सांगत्ये ऐका’ टिकावा. पण ‘माहेरची साडी’बद्दल माझ्या मनात वेगळंच येतं. एक दिवस तुमची नात तो सिनेमा बघायला बसावी, आणि अर्ध्यातच तिनं तुम्हाला विचारावं, “आज्जे, असं खरंच करायचे का गं सुनेला?” तिला ते खरंच वाटू नये. त्या दिवशी तो सिनेमा जुना झाला म्हणायचा, आणि मला त्याचं वाईट वाटणार नाही.

तुमच्या घरात कोणता सिनेमा पुन्हा पुन्हा लागतो, आणि तो लागला की घरातलं कोण गप्प होतं? जमल्यास पोस्टकार्डावर दोन ओळी लिहा. आणि मुखेडच्या सूनबाई, संक्रांतीनंतर तुमचं पत्र आलं तर आम्हाला बरं वाटेल. माहेरहून लिहिलेलं असलं तर जास्तच.